मूडी नाही हो, मूदी!

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या दारातून आत आलं की भिंतीवर काचेमागे एक काळा बोर्ड आहे, त्यावर मजल्याप्रमाणे सगळ्यांची आडनावं पांढऱ्या प्लास्टिकच्या अक्षरांत लावलेली. स्वीडनमधल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये असे बोर्ड बघायला मिळतात. आम्ही लिन्शॉपिंगला राहायला आलो तेव्हा आमचं सहस्रबुद्धे त्या बोर्डावर मावेचना, अक्षरं एकमेकांना चिकटवून चिकटवून बसवली तरी शेवटचं अक्षर काचेच्या चौकटीखाली गेलं. आमच्या वर अँडरसन, खाली अँडरसन, तिसऱ्या मजल्यावर योहानसन, आणि आमच्याच मजल्यावर समोरच्या दारावर मोदिग.

समोरच्या आजी ८६ वर्षांच्या. इथे सगळे एकमेकांना सरळ पहिल्या नावाने हाक मारतात, अगं-तुगं करतात, डॉक्टरला पण आणि बॉसला पण, पण मला काही ते आजींच्या बाबतीत जमलं नाही, मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी हात पुढे करून आडनाव सांगितलं आणि मला ऐकू आलं "मूडी". मी म्हटलं मूडी? तर त्या म्हणाल्या नाही नाही, मूदी. स्वीडिश भाषेत ओ हा बऱ्याचदा ऊसारखा म्हणतात आणि बोलताना शेवटचा ग गिळून टाकतात, म्हणून मोदिगचं मूदी. मग त्यांनीच अर्थ सांगितला, शूर. हिंमतवाला.

हे ऐकून मी घरी येऊन जे शोधायला बसले ते अजून थांबलेलं नाही. त्यातलं बरंच काही मनात साठलंय म्हणून ही पोस्ट.

तर आधी तो मूडी. आपण रोज म्हणतो ना, "ती फार मूडी आहे", "आज मूड नाही". हा इंग्लिश मूड मुळात मोद असा होता, जुन्या इंग्लिशमध्ये, आणि त्याचा अर्थ मन, जिगर, हिंमत. (आपल्या मोद-प्रमोदमधल्या मोदाशी त्याचा काही संबंध नाही, मलाही आधी तसंच वाटलं होतं.) त्यावरून मोदिग म्हणजे ज्याच्यात जिगर आहे तो. इंग्लंडमध्ये मूडी आडनावाची माणसं आहेत, त्यांचं आडनाव याच शब्दावरून आलंय. म्हणजे ज्या कुणाला गावात पहिल्यांदा मूडी म्हणाले असतील तो लहरी होता म्हणून नव्हे, तर धीट, मानी, कुणाला न घाबरणारा होता म्हणून. मग शतकं गेली, शब्द घसरत गेला, मानीचा झाला रागीट, रागीटचा झाला घुम्या आणि शेवटी लहरी. आडनाव मात्र तिथेच राहिलं. स्वीडिश मोदिग, जर्मन मुटिग आणि इंग्लिश मूडी ही सख्खी भावंडं, स्वीडिश आणि जर्मन भावाने घरचा अर्थ सांभाळला, इंग्लिश भावाचा हरवला. म्हणजे मला पहिल्यांदा जे चुकीचं ऐकू आलं ते खरं तर फार चुकीचं नव्हतंच!

इंग्लंडमध्ये आडनावं कायमची व्हायला लागली ती नॉर्मन लोक १०६६ साली आले त्यानंतर, हळूहळू, दोन-तीनशे वर्षांत. गावात चार जॉन असले तर कुठला जॉन हे सांगायला काहीतरी लागतंच ना, मग कुणी गावावरून, कुणी बापावरून, कुणी धंद्यावरून, आणि कुणी स्वभावावरून. पुढे १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसवली तेव्हा कारकुनांनी माणसांची नावं लिहून घेतली, आणि एकदा कागदावर चढलं की ते चिकटतंच, आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर चुकून लागलेलं नाव जन्मभर चिकटतं तसं.

स्वभावावरून आलेली ही आडनावं वाचताना मला फार छान वाटतं. ट्रूमन म्हणजे विश्वासू माणूस, शब्दाला जागणारा. वाइज म्हणजे शहाणा. हार्डी म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये धाडसी, निधडा, आणि आपल्याला हार्डी म्हटलं की रामानुजनचे हार्डी आठवतात, १९१३ साली मद्रासच्या एका कारकुनाचं पत्र केंब्रिजमध्ये ज्यांनी मन लावून वाचलं ते. कर्टिस म्हणजे जुना फ्रेंच कुर्तेस, दरबारी रीतभात असलेला, सभ्य, सुशिक्षित (काही कर्टिस आखूड पायमोज्यांवरून पण आलेत म्हणे, पण बहुतेक सभ्यच). गुडमनमध्ये चांगला माणूस आहे आणि घरचा कर्ता पुरुषही आहे, कारण जुन्या इंग्लिशीत कर्त्यालाही गुडमन म्हणायचे. आणि माझं सगळ्यात आवडतं, मेकपीस! म्हणजे भांडण मिटवणारा. विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्लिश कादंबरीकाराच्या नावात ते मधेच बसलंय, त्याचा जन्म १८११ साली कलकत्त्याचा, आणि हो, तोच, ज्याच्या स्पेलिंगवरून आपल्याकडच्या ठाकऱ्यांनी इंग्लिश स्पेलिंग घेतलं असं सांगतात. मला मेकपीस वाचलं की गावातला एक माणूस डोळ्यापुढे येतो, बांधावरून दोघं भांडतायत आणि कुणीतरी म्हणतं जा रे, त्याला बोलावून आणा. असं रोज होत असणार, त्याशिवाय हे नाव पडणार नाही.

कुणीही स्वतःला शूर, शहाणा, विश्वासू असं आडनाव लावून घेत नव्हतं. ते बाकीचे लावायचे. शेजारी, गावकरी, ज्यांचा रोजचा संबंध यायचा ते. कधी कधी उलटंही असायचं म्हणे, भित्र्याला मुद्दाम शूर म्हणायचं, किंवा गावच्या नाटकात कुणी राजा नाहीतर साधू झाला की तेच नाव त्याला पडायचं. पण तरी आठशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी शेतकऱ्याबद्दल आपल्याला दुसरं काहीच माहीत नाही, ना चेहरा ना घर, फक्त एवढंच की शेजाऱ्यांना तो विश्वासू वाटला. केवढी मोठी गोष्ट आहे ही.

फ्रान्समध्ये प्रुदोम आहे. जुन्या फ्रेंचमध्ये म्हणजे पराक्रमी आणि भला माणूस, नंतर जाणता, सचोटीचा, ज्याचा शब्द प्रमाण. साहित्याचं पहिलं नोबेल १९०१ साली मिळालं ते सुली प्रुदोम या कवीला. आणि हा शब्द अजून जिवंत आहे, फ्रान्समध्ये मालक आणि कामगारांचे वाद सोडवणाऱ्या कोर्टाचं नावच प्रुदोमवरून आहे, पहिलं १८०६ साली लिओंमध्ये सुरू झालं. म्हणजे एकीकडे आडनाव आणि दुसरीकडे कोर्ट, दोन्हीकडे तोच जाणता माणूस. कुर्त्वा पण आहे, सभ्य, तोच जो इंग्लंडात कर्टिस झाला, आयोडिन शोधणारे बर्नार कुर्त्वा.

आणि ल जान्ती. गियोम ल जान्ती या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे म्हणून सांगते. शुक्र सूर्यासमोरून जातो ते बघायला हे १७६० साली फ्रान्सहून पाँडिचेरीला निघाले, वाटेत कळलं पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली, म्हणून १७६१ चं ते अधिक्रमण हलत्या जहाजावरून बघावं लागलं, मोजमाप काही जमलं नाही. पुढचं आठ वर्षांनी. तर हे थांबले! तोपर्यंत पाँडिचेरी फ्रेंचांकडे परत आलं होतं, तिथे वेधशाळा उभारली, सगळी तयारी केली आणि १७६९ च्या जूनमध्ये ऐन वेळी ढग आले. परत घरी पोचले १७७१ साली तर तिकडे त्यांना मेलेलं समजून नातेवाईक इस्टेट वाटून घ्यायला निघालेले. जान्ती म्हणजे पूर्वी खानदानी, कुलीन, आणि आजच्या फ्रेंचमध्ये प्रेमळ, चांगला. कुलीनपासून प्रेमळपर्यंत, म्हणजे इथे शब्द घसरला नाही, मला तर वाटतं चढला.

जर्मनीतला फ्रॉम हा तर मूडीचाच मित्र शोभेल. आज फ्रॉम म्हणजे देवभोळा, धार्मिक. पण मधल्या काळातल्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ कामाचा, लायक, शूर, असा होता. धार्मिक हा अर्थ नंतरचा. हॉलंडमध्ये तोच शब्द फ्रोम, तिथेही तसाच प्रवास. एर्लिश म्हणजे प्रामाणिक, पूर्वी अब्रूदार, प्रतिष्ठित, १९०८ चं नोबेल मिळालेले डॉक्टर पाउल एर्लिश तुम्हाला माहीत असतील. एर्लिश, रेडलिश अशी सचोटीची आडनावं ज्यू कुटुंबांमध्ये बरीच दिसतात. ऑस्ट्रियाच्या बादशहाने, दुसऱ्या योझेफने, १७८७ साली हुकूम काढला की सगळ्या ज्यूंनी कायमचं जर्मन आडनाव घ्यायचं. तोवर त्यांच्यात बहुतेकांचं अमक्याचा मुलगा तमका असंच चालायचं. म्हणजे इथे नाव शेजाऱ्यांनी दिलं नाही, सरकारी टेबलावर ठरलं. ज्याला निवडता आलं त्याने काय निवडलं असेल, तर कुणी प्रामाणिक निवडलं. परक्या भाषेत, सक्तीने आडनाव घ्यायची वेळ आली तर माणूस मुलांसाठी कुठला शब्द उचलेल याचा मी बराच वेळ विचार करत बसले होते.

इटलीत बोनकोम्पान्यी म्हणून घराणं आहे, चांगला सोबती. त्यातला उगो बोनकोम्पान्यी पुढे पोप तेरावा ग्रेगरी झाला, १५८२ साली त्याने कॅलेंडर सुधारलं, आज आपल्या स्वयंपाकघरात दाराआड टांगलेल्या कॅलेंडरवरच्या इंग्रजी तारखा त्याच्या. आणि स्पेनमधला कोर्तेस, परत तोच सभ्य, सुसंस्कृत. पण स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसने १५१९ पासून मेक्सिको जिंकताना जे केलं ते वाचून अंगावर काटा येतो. पूर्वजाचा गुण नावातून खाली येतो, माणसातून येतोच असं नाही.

गोव्याचं सांगायचं राहिलं. पोर्तुगीज काळात जे ख्रिश्चन झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, म्हणून गोव्यात आणि वसईत इतके फर्नांडिस. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, आणि फर्नांडो हे नाव गॉथ या जुन्या युरोपीय टोळीच्या भाषेतून आलेलं, त्यातल्या दुसऱ्या तुकड्याचा अर्थ आहे धाडसी, हिंमतवान. म्हणजे म्हापशाच्या बाजारात कुणी फर्नांडिस अशी हाक मारली तर दीड हजार वर्षं जुन्या एका शूर माणसाला हाक जाते!

आता परत आजींकडे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

मी त्यांना विचारलं तुमच्या घराण्यात कोण एवढा शूर होऊन गेला? त्या हसल्या, म्हणाल्या कॉफीला ये, दाखवते. दालचिनीचे बन केले होते. टेबलावर त्यांनी एका जुन्या पानाची झेरॉक्स पसरली, सैन्याच्या हजेरीपटाची. मूळ पट स्टॉकहोमच्या लष्करी दफ्तरखान्यात आहे. बारीक तिरकं अक्षर, उभे रकाने. नंबर, नाव, वय, उंची, नोकरीची वर्षं, लग्न झालंय की नाही, शेवटी शेरा. त्यांनी बोट ठेवलं तिथे मोदिग लिहिलेलं. वय वीस. नोकरीची वर्षं शून्य.

म्हणजे? भरती झाला त्याच दिवशी शूर?

तर हो, त्याच दिवशी. आणि मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. राजा अकरावा कार्ल, त्याच्या काळात १६८२ साली स्वीडनमध्ये सैन्य उभारायची एक पद्धत ठरली. दोन-चार शेतकऱ्यांचा एक गट करायचा, त्या गटाने मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला एक छोटं घर द्यायचं, थोडी जमीन द्यायची, बदल्यात त्यांच्या घरातल्या पोरांना सक्तीच्या भरतीतून सूट. शिपाई वर्षातले काही आठवडे कवायतीला जायचा, बाकी वर्षभर आपलं शेत करायचा. असे १५० शिपाई मिळून एक कंपनी, आठ कंपन्यांची एक रेजिमेंट. आता गंमत अशी की तेव्हा गावाकडे आडनावच नव्हतं, बापाचं नाव आणि पुढे सन, म्हणजे मुलगा. एका कंपनीत दहा अँडरसन, बारा योहानसन. कॅप्टनने अँडरसन म्हणून ओरडलं तर दहा जण पुढे येणार! म्हणून प्रत्येकाला भरतीच्या वेळी नवं आडनाव द्यायचे, छोटं, खणखणीत, आणि एका कंपनीत दोघांचं सारखं नको.

त्यांनी मला यादीच म्हणून दाखवली. तापर म्हणजे पराक्रमी. रास्क म्हणजे चपळ. स्तोल्त म्हणजे ताठ मानेचा. स्तादिग म्हणजे पाय रोवून उभा राहणारा. ट्रिग म्हणजे भरवशाचा. ग्लाद म्हणजे आनंदी. फ्रिस्क म्हणजे ठणठणीत. कुणी तलवार, कुणी ढाल. स्नेल पण होता, आज स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ प्रेमळ, पण तेव्हा चलाख, चटपटीत, जर्मनमधला श्नेल म्हणजे जलद तो हाच.

आणि ते नाव खरं तर माणसाचं नसायचंच, घराचं असायचं! म्हणजे जुना शिपाई गेला किंवा थकला की त्या घरात नवा शिपाई यायचा आणि बऱ्याचदा तेच नाव घ्यायचा, कालपर्यंत पेटरसन असलेला आज मोदिग. आधीच्या शिपायाच्या बायकोमुलांना मात्र घर सोडावं लागायचं. नवरा मेला, वर छप्पर पण गेलं. आजी हे सांगताना जरा थांबल्या. त्यांच्या पणजीच्याही आधीची कुणीतरी अशी पोरं घेऊन बाहेर पडली होती, घरात तसं पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत.

मी विचारलं मग युद्धात काय केलं त्याने? आजी म्हणाल्या युद्ध झालंच कुठे. स्वीडनचं शेवटचं युद्ध १८१४ साली संपलं, ह्यांचा शिपाई त्यानंतर भरती झालेला. त्याने आयुष्यात लढाई पाहिलीच नाही.

त्याने कालवा खणला. इथून जवळच योता कालवा आहे, १९० किलोमीटर लांब, त्यातला ८७ किलोमीटर माणसांनी खणून काढलेला, १८१० ते १८३२ अशी २२ वर्षं काम चाललं आणि खणणारे बहुतेक हेच शिपाई, जवळजवळ ५८,००० जण, लाकडी फावडी, त्यांना लोखंडी पत्रा मारलेला, त्या फावड्यांनी. पराक्रमी, चपळ, भरवशाचे, आनंदी, सगळे चिखलात उभे.

त्या हजेरीपटाच्या दुसऱ्या एका पानावर, बऱ्याच वर्षांनंतरच्या, त्याच मोदिगसमोर शेरा आहे. निवृत्ती मागतो, चांगली सेवा केली. बस. आजींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, नाव दिलं तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं, हे मात्र त्याने कमावलं.

पुढे १९०१ मध्ये सक्तीची लष्करसेवा आली आणि ही पद्धत हळूहळू बंद झाली, त्याच वर्षी आडनावांचाही कायदा आला आणि जे ज्याच्याकडे होतं ते घराण्याचं झालं. कुणी सन ठेवलं, कुणी आज्या-पणज्यातला शिपाई शोधून त्याचं नाव घेतलं. आजींच्या आजोबांनी मोदिग घेतलं. आजींनी लग्न झाल्यावरही माहेरचं सोडलं नाही.

मग त्यांनी विचारलं तुमच्या त्या बोर्डावर न मावणाऱ्या नावाचा अर्थ काय. मी सांगितलं, हजार बुद्धी असलेला. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, कुणी दिलं? मी म्हटलं ते स्वतःहून कुणी घेत नसतं, लोकांनी दिलं असणार. मग मी त्यांना शहाणे सांगितलं, धैर्यवान सांगितलं, की मुंबईत पाठारे प्रभूंमध्ये धैर्यवान आडनाव आहे, म्हणजे तुमचंच. आमच्याकडेही शहाणा शब्दाचं मूडीसारखंच झालंय, आडनाव मानाचं आणि घरात कुणी "जास्त शहाणा झालास का" म्हटलं की समजायचं आता काही खरं नाही. त्यांना हे एवढं आवडलं की त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं.

मागच्या रविवारी आम्ही त्यांना गाडीतून बेर्गला नेलं. तिथे योता कालव्यावर सात लॉक, म्हणजे दारं असलेले पाण्याचे कप्पे, एकाखाली एक आहेत, पाण्याच्या पायऱ्याच, बोट एकेका कप्प्यात थांबत थांबत खालच्या तळ्यात उतरते. आजी वॉकर घेऊन काठाकाठाने चालल्या, वरच्या लॉकपाशी वॉकरला ब्रेक लावला आणि वाकून भिंतीच्या दगडावर हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता. बराच वेळ हात तसाच होता. खालून एक छोटी बोट येत होती, दार उघडलं, पाणी आत यायला लागलं, आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना.

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या तुमच्या अक्षरात माझं नाव लिहून दे. पर्समधून पाकीट काढलं, विजेच्या बिलाचं, त्याच्या मागच्या बाजूला मी लिहिलं. क्षणभर विचारात पडले, स्पेलिंगप्रमाणे मोदिग लिहावं की काय, पण मग त्या स्वतः म्हणतात तसंच लिहिलं, मूदी. त्यांनी विचारलं वरची रेघ कशासाठी, मी म्हटलं अक्षरांना धरून ठेवायला. काल त्यांच्याकडे गेले तर ते फ्रिजवर लावलेलं होतं, हजेरीपटाच्या झेरॉक्सशेजारी.